कंपापलीकडे पाहणारे जेम्स पार्किन्सन

हात थरथरणे म्हणजे पार्किन्सन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र या आजाराला ज्यांचे नाव मिळाले, त्या जेम्स पार्किन्सन यांची नजर थरथरणाऱ्या हातावरच थांबली नव्हती. रुग्णाच्या घशात अडणारा घासही त्यांनी टिपून ठेवला होता.

पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील जॉन तेथेच वैद्यकीय व्यवसाय करीत. १७८४ मध्ये शल्यचिकित्सकाची पात्रता मिळवून जेम्स यांनी तोच व्यवसाय पुढे चालविला. त्यांची जिज्ञासा मात्र दवाखान्यापुरती नव्हती. राजकीय सुधारणांसाठी झटणाऱ्या लंडन करस्पाँडिंग सोसायटीचे ते सभासद होते आणि ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने पत्रके लिहीत. राजा तिसरा जॉर्ज याच्या हत्येच्या कथित कटाच्या चौकशीत १७९४ मध्ये त्यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्ष द्यावी लागली. पुढे ते जीवाश्मांच्या अभ्यासाकडे वळले. या विषयावरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १८०४ ते १८११ या काळात प्रसिद्ध झाला. १८०७ मध्ये स्थापन झालेल्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होत.

साठी उलटल्यावर, १८१७ मध्ये, त्यांनी कंपवातावरील छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. त्याला आधार होता अवघ्या सहा रुग्णांचा. त्यांतील काही जण त्यांना रस्त्यात भेटले होते, तर एकाला त्यांनी केवळ दुरूनच पाहिले होते. कंप, पुढे झुकलेले शरीर आणि धावल्यासारखी चाल यांबरोबरच आजाराची शेवटची अवस्थाही त्यांनी बारकाईने वर्णिली. बोलणे अस्पष्ट होते, घास तोंडात घोळत राहतो, चावलेले अन्न गिळता येत नाही आणि लाळ ओघळत राहते, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. उपाय म्हणून मानेजवळ रक्तस्राव करणे आणि त्वचेवर फोड आणणारी औषधे लावणे एवढेच ते सुचवू शकले. आजाराचे मूळ शोधण्यासाठी मृत्यूनंतर रुग्णांची शरीरे तपासावीत, असे आवाहनही त्यांनी शरीरशास्त्रज्ञांना केले.

२१ डिसेंबर १८२४ रोजी पार्किन्सन यांचे निधन झाले. या आजाराला त्यांचे नाव मिळाले ते पुढे कित्येक वर्षांनी, फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या पुढाकाराने.

पार्किन्सन यांनी नोंदविलेल्या त्या अडणाऱ्या घासाचे गांभीर्य आज अधिक स्पष्ट झाले आहे. मेंदूतील डोपामिन कमी झाल्याने जीभ व घशाचे स्नायू मंदावतात. लाळ जास्त तयार होत नाही. ती आपोआप गिळण्याची क्रिया कमी होते. अन्नाचे कण किंवा पाणी श्वासनलिकेत उतरले, तरी काही रुग्णांना खोकलासुद्धा येत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. १९६० च्या दशकात आलेल्या लेव्होडोपा या औषधाने हालचाली सुधारल्या, परंतु गिळण्याची तक्रार त्याने हमखास दूर होत नाही.

म्हणूनच येथे स्पीच थेरपिस्टची भूमिका महत्त्वाची ठरते. गिळण्याच्या क्रियेचे क्ष-किरण चित्रीकरण पाहून दोष कोठे आहे, हे ते ठरवितात. ताठ बसणे, लहान घास घेणे, एका वेळी एकच घोट पिणे आणि औषधाचा प्रभाव असताना जेवणे, अशा सवयी रुग्णाला लावल्या जातात. काहींना हनुवटी खाली घेऊन गिळण्यास शिकवितात, तर काहींना पातळ पदार्थ दाट करून दिले जातात. अवरोधाविरुद्ध जोराने फुंकण्याच्या व्यायामाने खोकण्याची ताकद वाढविता येते. मात्र हे सारे तज्ज्ञांकडून तपासणी झाल्यावरच करायचे असते.

पाणी पिताना ठसका लागणे, जेवणास फार वेळ लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा होणे किंवा वजन घटणे ही लक्षणे वयाची म्हणून सोडून दिली जातात. पार्किन्सन यांनी रस्त्यावरच्या वृद्धांची थरथर वयाची म्हणून सोडून दिली नव्हती. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिन जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने रुग्णाच्या हाताबरोबरच त्याच्या ताटाकडेही घरच्यांनी लक्ष द्यायला हवे.