इशी : थांबून राहणारा धनुर्धर

धनुष्यबाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राम, अर्जुन आणि एकलव्य उभे राहतात. त्यांच्या कथा आपण लहानपणी ऐकल्या, पुढे पाठ्यपुस्तकांत वाचल्या. परंतु विसाव्या शतकात, आगगाड्या आणि मोटारी धावत असलेल्या अमेरिकेतही धनुष्यबाणावर जगलेला एक माणूस होऊन गेला. त्याचे खरे नाव कोणालाच कळले नाही, कारण आपले नाव आपल्याच तोंडाने सांगायचे नाही अशी त्याच्या लोकांची रीत होती, आणि ते सांगायला त्याच्या लोकांपैकी दुसरे कोणी उरले नव्हते. जग त्याला इशी म्हणून ओळखते. त्याच्या भाषेत इशी म्हणजे नुसता माणूस.

इशीचा जन्म 1860 च्या सुमारास उत्तर कॅलिफोर्नियात झाला. लासेन शिखराच्या पायथ्याशी मिल क्रीक व डियर क्रीक या दोन ओढ्यांची खोल खोरी आहेत. तेथे याना लोकांची याही ही शाखा राहत असे. हरणे, सामन मासे आणि ओकच्या फळांचे पीठ यांवर त्यांचा निर्वाह चाले. 1848 साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि गोऱ्या लोकांचे लोंढे येऊ लागले. खाणींच्या गाळाने नद्या गढूळ झाल्या, गुरांनी कुरणे संपवली, हरणे दूर गेली. भुकेलेल्या याहींनी एखादे गुरू मारले की त्याचा सूड म्हणून वस्तीच्या वस्ती कापून काढल्या जात. 1865 पासून पुढील काही वर्षांत अशा अनेक कत्तली झाल्या. इशी तेव्हा लहान मूल होता. शेवटी उरलेली मूठभर माणसे डोंगरात दडून बसली आणि जवळजवळ चाळीस वर्षे जगाच्या दृष्टीने नाहीशी झाली.

दडून राहणे म्हणजे काय, याची आपल्याला कल्पनाही करवत नाही. पाऊल उमटू नये म्हणून ही माणसे दगडावरून दगडावर चालत. काटेरी झुडपांखालून सरपटत जात. धूर दिसू नये म्हणून अगदी लहान जाळ करीत. बंदुकीचा आवाज खोऱ्यात घुमला असता तर सर्वांचा शेवट ओढवला असता. धनुष्य मात्र मुके असते. म्हणून धनुष्यच त्यांचे अन्न आणि तेच त्यांचे संरक्षण होते.

1908 साली भूमापन करणारी एक तुकडी डियर क्रीकच्या खोऱ्यात शिरली आणि तिला अचानक ही लपलेली वस्ती सापडली. त्या वेळी तेथे अवघी चार माणसे होती : इशी, त्याची आई, त्याची बहीण किंवा चुलतबहीण, आणि एक म्हातारा. आई आजारी होती, तिला चालवत नव्हते. त्या तुकडीने तिला इजा केली नाही, परंतु भांडीकुंडी, हत्यारे, पांघरुणे अशी सारी चीजवस्तू उचलून नेली. पळताना ताटातूट झालेली बहीण व म्हातारा पुन्हा दिसले नाहीत. आई थोड्याच दिवसांत वारली. त्यानंतर सुमारे तीन वर्षे इशी एकटा होता. 1911 च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, उपासाने खंगलेला, शोक म्हणून केस जाळून आखूड केलेला असा तो ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या आवारात सापडला. आपल्याला आता ठार मारतील, अशीच त्याची समजूत होती.

तुरुंगाच्या कोठडीत त्याला ठेवले असता टॉमस वॉटरमन हा मानववंशशास्त्रज्ञ याना शब्दांची यादी घेऊन आला. एकामागून एक शब्द तो उच्चारत होता आणि इशीच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. अखेर खाटेच्या लाकडावर हात ठेवून वॉटरमनने पाइन वृक्षाचा याना शब्द उच्चारला, आणि इशीचा चेहरा उजळला. पुढे वॉटरमन आणि त्याचा वरिष्ठ अल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात नेले. तेथे साफसफाईच्या कामाबद्दल महिन्याला 25 डॉलर पगार घेऊन तो राहू लागला. रविवारी लोक त्याला पाहायला येत. तो काचेसारख्या काळ्या दगडापासून बाणाची टोके घडवून दाखवी.

संग्रहालयाशेजारीच विद्यापीठाचे रुग्णालय होते. तेथील शल्यवैद्य सॅक्स्टन पोप आणि इशी यांची 1912 साली ओळख झाली आणि लवकरच मैत्री जमली. पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकू लागला. इशीचे धनुष्य जेमतेम साडेतीन फुटांचे, जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर हरणाच्या स्नायूंचे तंतू चिकटवलेले असे. झुडपात उकिडवे बसून ओढायला ते सोयीचे पडे. तो प्रत्यंचा अंगठ्याने ओढी. येथे आपल्याला एकलव्य आठवल्यावाचून राहत नाही. तिकडे वनवासी शिष्याने नगरातल्या गुरूला अंगठा दिला. इकडे वनवासी गुरूने नगरातल्या डॉक्टरला अंगठ्याची विद्या दिली.

निशाणबाजीच्या मैदानावर इशी फारसा चमकत नसे. लांबवरच्या लक्ष्यावर पोप आणि त्याचे मित्र त्याच्यापेक्षा अधिक गुण मिळवीत. मात्र रानात गेल्यावर हेच मित्र त्याचे विद्यार्थी होत. याचे कारण त्याच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. हरणाच्या शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, कारण तो वास हरणाला कळतो. तंबाखूच्या धुराचा वास अंगाला लागू देत नसे. पहाटे नखशिखान्त स्नान करी, चूळ भरी आणि उपाशीपोटी निघे. पायांवर वस्त्र घेत नसे, कारण ते झुडपाला घासून वाजते. वाऱ्याकडे तोंड करून एकेक पाऊल जपून टाकी. मग एखाद्या खडकाआड बसून झाडाचे कोवळे पान दुमडून ओठांत धरी आणि पाडसाच्या केविलवाण्या हाकेसारखा आवाज काढी. तो ऐकून हरिणी जवळ येई. कधी तो हरणाचे पेंढा भरलेले डोके स्वतःच्या डोक्यावर बांधून झुडपामागून हलवी. जिज्ञासेने हरीण पुढे येई. पन्नासएक पावलांच्या आत सावज आल्याखेरीज तो सहसा बाण सोडत नसे.

धावत्या हरणावर बाण का टाकू नये, हे साध्या हिशेबानेही पटते. तशा धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण सव्वाशे फूट जातो. म्हणजे चाळीस यार्डांवर पोहोचायला त्याला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यात भरधाव हरीण चाळीस फुटांहून अधिक पुढे गेलेले असते. उभे असलेले हरीणही सावध असेल तर धोका आहे. प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी त्याच्या कानी पोहोचतो, ते उडी घेण्यासाठी खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. शिवाय बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. तो छातीत लागला तर हरीण थोड्याच अंतरावर पडते. पोटात लागला तर ते मैलोगणती धावते, तळमळत मरते आणि शिकाऱ्याच्या हातीही लागत नाही. म्हणून चालत्या हरणाला थांबू द्यावे, त्याची कूस समोर येऊ द्यावी, मान खाली किंवा झाडाआड जाऊ द्यावी, मग धनुष्य ओढावे. हे जमत नसेल तर बाण भात्यातच राहू द्यावा. दडून राहणाऱ्या याहींना तर चुकीची किंमत आणखी मोठी होती. जखमी हरीण गोऱ्यांच्या वस्तीकडे गेले असते, तर एका बाणाने सारे खोरे उघडे पडले असते.

1914 च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा मुलगा यांच्याबरोबर इशी डियर क्रीकला परत गेला. जायला तो प्रथम तयार नव्हता. ती भूमी त्याच्या दृष्टीने मृतांची होती. तरीही त्याने तेथील ठिकाणांची नावे सांगितली, पोहून आणि शिकार करून दाखवली. परत आल्यावर पुढच्या उन्हाळ्यात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपिर याच्याबरोबर त्याने याही भाषेचे काम केले. त्याच सुमारास क्षयाने त्याला गाठले. 25 मार्च 1916 रोजी इशीचे निधन झाले.

प्रेताची चिरफाड इशीला मुळीच पसंत नव्हती, आणि हे त्याच्या सर्व मित्रांना ठाऊक होते. क्रोबर त्या वेळी न्यूयॉर्कला होता. शवविच्छेदन होऊ देऊ नये असे त्याने कळवले, पण पत्र पोहोचण्यापूर्वीच ते उरकले होते. मेंदू काढून ठेवण्यात आला. धनुष्य, बाण आणि ओकच्या पिठाची टोपली बरोबर देऊन देहाचे दहन झाले. पुढे 1917 साली त्याच क्रोबरने तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. गुरूला मिळालेली ही दक्षिणा!

पोपने 1923 साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि त्यात इशीची विद्या सांगितली. अमेरिकेत धनुष्याने शिकार करण्याचा छंद पसरला, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. 1961 साली स्थापन झालेल्या तेथील धनुर्धर शिकाऱ्यांच्या संस्थेला पोप व त्याचा सोबती आर्थर यंग यांची नावे आहेत. इशीचे नाव त्यात नाही. इशीच्या बाणांची टोके शेजारच्या विंटू लोकांच्या धाटणीची आहेत, असे एका अभ्यासकाने 1996 साली दाखवले. तेव्हा तो एकाच शुद्ध कुळाचा अवशेष होता, ही जुनी समजूतही डळमळली.

इशीच्या मित्रांना दुष्ट म्हणता येणार नाही. त्यांनी त्याला आसरा दिला, त्याच्यावर प्रेम केले. परंतु ज्ञान समोर दिसत असताना हात आवरणे त्यांना जमले नाही. ज्याने उपाशीपोटीही बाण रोखून धरला, त्याच्याकडून त्यांनी धनुष्य ओढायला शिकून घेतले, थांबायला शिकले नाहीत. आपण महाविद्यालयात येऊन माणसांचा, समाजांचा अभ्यास करतो. समोरचा माणूस आपल्यासाठी केवळ विषय ठरू लागला की इशीची आठवण व्हावी.

कॅलिफोर्नियातील आदिवासींनी शोध चालवला, तेव्हा 1999 साली तो मेंदू स्मिथसोनियनमध्येच असल्याचे जाहीर झाले. याना वंशाचे लोक रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींत आजही आहेत. त्यांच्या हाती मेंदू आणि अस्थी सोपवण्यात आल्या. 2000 साली त्यांनी डियर क्रीकच्या परिसरात दोन्हींचे एकत्र दफन केले. ती जागा त्यांनी कोणालाही सांगितलेली नाही.