अब्दुल करीम खाँ

उस्ताद अब्दुल करीम खाँ (११ नोव्हेंबर १८७२ – २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याचे अध्वर्यू गायक होते. भारतातील ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळात ज्यांचा आवाज तबकडीवर उमटला, अशा थोर गायकांत त्यांची गणना होते.

जीवन

त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. वडील काले खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. काही काळ ते बडोदे संस्थानात दरबारी गायक होते. तेथील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही त्यांची अपत्ये. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. सवाई गंधर्व व रोशन आरा बेगम हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिसंशोधनासही त्यांनी साहाय्य केले. पुढे ते मिरजेस स्थायिक झाले.

ध्वनिमुद्रणे

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. एमिल बर्लिनर यांच्या सपाट तबकडीमुळे एका साच्यातून असंख्य प्रती काढणे शक्य झाले. १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने भारतीय गायकांचे ध्वनिमुद्रण सुरू केले. १९०५ च्या सुमारास खाँसाहेबांच्या तबकड्या निघाल्या. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायकाला कर्ण्यासमोर खड्या आवाजात गावे लागे आणि स्वरांच्या कंपनांनी सुई मेणावर रेघ कोरीत असे. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. संथ आलापीसाठी ख्यातनाम असलेल्या गायकासाठी ही मर्यादा कठोर होती. घराण्याची विद्या परक्या हाती जाईल, या शंकेने काही गायक ध्वनिमुद्रणापासून दूर राहिले; खाँसाहेबांनी मात्र ते स्वीकारले. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यानंतर, १९३० च्या दशकात निघालेल्या त्यांच्या तबकड्यांत आवाजातील नाजूक कणही टिपले गेले. त्यांत भैरवीतील ठुमरी व त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती यांचा समावेश आहे.

प्रभाव

त्यांची झिंझोटी रागातील ठुमरी तबकडीवर ऐकून बालवयातील भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. पुढे ते सवाई गंधर्वांचे शिष्य झाले. अशा रीतीने गुरूसमोर बसूनच मिळणाऱ्या विद्येची ओढ एका यंत्राने निर्माण केली.

मृत्यू

दक्षिणेतील दौऱ्यात सिंगपेरुमाळकोइल रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. मिरजेतील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते.