रक्ताच्या थेंबाची साक्ष : डॉ. रॉबर्ट गथ्री

रक्ताची परीक्षा करावयाची म्हणजे ते शिरेतून काढावे, नळीत भरावे, गार ठेवावे आणि नासण्यापूर्वी प्रयोगशाळेत पोहोचवावे, हा सर्वमान्य प्रघात. शहरात हे सुलभ असते. आमच्या तामसीसारख्या गावी ते तितके सुलभ नसते. कागदावर वाळविलेला रक्ताचा एक थेंबही विश्वासार्ह साक्ष देऊ शकतो, हे ज्यांनी जगाच्या प्रत्ययास आणून दिले, त्या डॉ. रॉबर्ट गथ्री यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

गथ्री यांचा जन्म २८ जून १९१६ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात मॅरियनव्हिल या लहान गावी झाला. मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली. परंतु दवाखाना न थाटता ते जिवाणूंच्या अभ्यासाकडे वळले आणि बफेलो शहरी कर्करोगावर संशोधन करू लागले. त्यांच्या एका पुत्राची बौद्धिक वाढ जन्मतःच खुंटलेली होती. या दुःखाने खचून न जाता अशा मुलांसाठी काही करावे, असा त्यांनी निश्चय केला व ते बालरुग्णालयात काम करू लागले.

तशातच १९५८ साली त्यांच्या पत्नीच्या भाचीस फेनिलकीटोन्यूरिया हा रोग असल्याचे आढळले. १९३४ साली नॉर्वेच्या फलिंग यांनी हा रोग प्रथम ओळखला होता. यात अन्नातील फेनिलॲलनिन हे द्रव्य शरीरास पचविता येत नाही; ते रक्तात साचते व मेंदूची हानी करते. जन्मानंतर लवकरच विशिष्ट आहार सुरू केल्यास ही हानी टळते. परंतु लघवीची त्या काळची परीक्षा कित्येक आठवड्यांनंतरच रोग दाखवी. भाचीचे निदान झाले तेव्हा तिचे वय सव्वा वर्षाचे होते, आणि वेळ निघून गेली होती.

गथ्री यांनी योजलेली युक्ती साधी होती. बालकाच्या टाचेस टोचून निघालेला थेंब जाड गाळणकागदावर टिपून वाळवावयाचा व त्यातून ठराविक मापाची लहान चकती कापावयाची. ज्यात जिवाणूंची वाढ रोखणारे द्रव्य मिसळले आहे, अशा अगरच्या थरावर ती ठेवावयाची. रक्तात फेनिलॲलनिन अधिक असेल, तर तो अडसर दूर होऊन चकतीभोवती जिवाणूंचे वलय उमटे. शेजारी ज्ञात प्रमाणाच्या चकत्या असत. त्यांच्याशी वलय ताडून पाहिले की प्रमाण कळे. कागद टपालानेही धाडता येई.

असा वाळका थेंब नळीतील रक्ताची बरोबरी करील काय, अशी शंका येणे स्वाभाविक होते. मतिमंदांच्या एका संस्थेत परीक्षा घेतली, तेव्हा पूर्वी ज्ञात असलेले सर्व रुग्ण तर सापडलेच, शिवाय आधी निसटलेलेही काही आढळले. पुढे २९ राज्यांतील चार लाखांहून अधिक बालकांची परीक्षा झाली. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने ती कायद्याने सक्तीची केली.

तथापि थेंबासही मर्यादा आहेत. रक्त दाट असेल तर तो कमी पसरतो व चकतीत रक्त अधिक येते. थेंबावर थेंब पडला किंवा कागद ओलसर राहिला, तर निष्कर्ष चुकतो. पहिल्याच दिवशी परीक्षा केल्यास बालकाच्या पोटात पुरेसे दूध गेलेले नसते, म्हणून रोग लपून राहतो. यास्तव संशयित बालकाचे रक्त पुन्हा नेहमीच्या रीतीने तपासल्यावाचून निदान पक्के समजत नाहीत. थेंब इशारा देतो. निर्णय दुसऱ्या परीक्षेने होतो.

गथ्री यांनी या शोधापासून स्वतःसाठी धनलाभ इच्छिला नाही. परीक्षा स्वस्त राहावी व प्रत्येक बालकास मिळावी, यासाठी ते देशोदेशी हिंडले. २४ जून १९९५ रोजी सिअ‍ॅटल येथे त्यांचे निधन झाले.

आज त्याच कागदी थेंबावरून इतरही अनेक जन्मजात रोग शोधतात. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड, कोलाम बांधवांत आढळणारा सिकलसेल हा रोगही नवजात बालकात त्यावरून ओळखता येतो. आपल्या घरातील दुःख लक्षावधी अपरिचित बालकांच्या उपयोगी पाडणाऱ्या या सत्पुरुषाचे स्मरण आम्हां विद्यार्थ्यांस सदैव मार्गदर्शक होवो.