पावसाळ्यात शिकार बंद, मग शिकारी काय करतो? सालिम अलींची किहीममधली गोष्ट

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की रस्त्याकडेच्या बाभळींकडे बघा. पावसाळ्यात तिथे सुगरणीची घरटी लोंबताना दिसू शकतात. त्यातली काही हेल्मेटसारखी, अर्धवटच असतात. ती तशी का सोडली जातात, हे आपल्याला नीट सांगितलं एका शिकाऱ्याने. डॉ. सालिम अलींनी.

हो, शिकारीच! १८९६ साली मुंबईत जन्म. आई-वडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. मामांना शिकारीचा नाद, त्यामुळे भाच्याच्या हातात एअरगन आली. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला १९०८ मध्ये पोरगा थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांपुढे उभा राहिला. पुढचं सगळं तिथून सुरू झालं. शिकारीची आवड मात्र सुटली नाही आणि त्यांनी ती कधी लपवलीही नाही.

तेव्हा आपल्याकडे पाणपक्ष्यांच्या शिकारीचे दिवस थंडीचे असायचे, कारण बदकं थंडीतच येतात. पावसाळ्यात ती नसतात, गवत वाढलेलं असतं, बाकीच्या पक्ष्यांची वीण चालू असते. बंदुकीला काम नसायचं.

१९३० मध्ये सालिम अलींच्याही हाताला काम नव्हतं. बर्लिनहून शिकून आले, तर मुंबईच्या म्युझियममधली नोकरी गेलेली. पत्नी तहमीनासोबत ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथल्या पावसाळ्यात ते तासन्‌तास सुगरणींची वसाहत बघत बसले. सावज टिपायला लागतो तोच धीर, फक्त हातात बंदुकीऐवजी वही.

दिसलं ते असं: घरटं नर विणतो. अर्धं झालं की माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडलं की जोडी जमते, मग तो लांब नळी विणून घरटं पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं, दुसरी मादी! नापसंत घरटी अर्धवटच राहतात. म्हणजे बहिणाबाईंच्या कवितेपासून आपण ज्या ‘सुगरणी’चं कौतुक करतो, ती विणकर नाहीच.

१९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये हा निबंध छापून आला आणि त्यांचं नाव झालं. त्यानंतर लगेच हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांच्या पाहणीवर निघाले. नमुने गोळा करायचे होते, त्यामुळे बंदूक पुन्हा खांद्यावर आली. आज हे वाचायला खटकतं, पण त्या काळी पक्षीशास्त्र असंच चालायचं.

२० जून १९८७ रोजी मुंबईत ते गेले. सुगरणींची लगबग सुरू व्हायचे दिवस होते.