साताऱ्याचा वकील

सप्टेंबर महिन्याचा आणि साताऱ्याच्या इतिहासाचा काही विलक्षण संबंध आहे. २५ सप्टेंबर १८१९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. वीस वर्षांनी, सप्टेंबर १८३९ मध्ये, त्याच कंपनीने त्यांना गादीवरून दूर केले. आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. या तिन्ही घटना ज्याच्या आयुष्याला येऊन भिडल्या, त्या रंगो बापूजी गुप्ते यांचे आज स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांचे वंशज. स्वराज्याच्या पहिल्या प्रयत्नांशी ज्या घराण्याचे नाव जोडलेले, त्याच घराण्यातील पुरुषाच्या वाट्याला स्वराज्याच्या अखेरच्या अवशेषाची वकिली यावी, हा दैवाचा खेळच म्हटला पाहिजे. १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह बाजीरावाच्या छावणीतून सुटले ते इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना राज्य दिले खरे. पण रेसिडेंटाच्या मध्यस्थीवाचून कोणत्याही परराज्याशी पत्रव्यवहार करावयाचा नाही, अशी अट तहात घातली. ज्या राज्याला शेजाऱ्याशी बोलण्याचीही मुभा नाही, त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

ती मर्जी प्रथम बरी होती. महाराजांचा कारभार पाहून कंपनीच्या डायरेक्टरांनी १८३५ मध्ये त्यांच्यासाठी मानाची तलवार पाठविली. मुंबई सरकारने ती महाराजांच्या हाती कधीच पडू दिली नाही. कारण दरम्यान जहागीरदारांवरील हक्कांचा वाद पेटला होता, आणि त्या वादात महाराज तहाच्या कलमांवर बोट ठेवून बोलत होते. दुबळ्याने कायदा दाखवावा हे बलिष्ठाला रुचत नाही. १८३६ मध्ये आरोप निघाले: महाराजांनी कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितविले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, आणि इंग्रजांना घालविण्यासाठी गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयकडे फौज मागितली. गुप्त चौकशी झाली. आरोपीला उत्तराची उचित संधी मिळाली नाही. ज्या गोव्याकडून हजारोंची फौज येणार होती, त्या गोव्याचे बळ तरी केवढे? १८३५ च्या आरंभी तेथील नवे प्रीफेक्ट बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा यांना त्यांच्याच लष्कराने जेमतेम अडीच आठवड्यांत उलथून टाकले होते!

१८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नाक यांनी क्षमेचे आमिष पुढे केले. मात्र त्यासाठी अपराध मान्य करावयास हवा होता. महाराजांनी राज्य गमावणे पत्करले, खोटा कबुलीजबाब पत्करला नाही. त्यांची रवानगी काशीस झाली आणि धाकटे बंधू शहाजी यांना गादीवर बसविण्यात आले. कटाचा आरोप महाराजांवर होता. सत्तांतर मात्र आरोप करणाऱ्यांनीच घडवून आणले.

येथून रंगो बापूजींची खरी कामगिरी सुरू होते. धन्याची फिर्याद घेऊन ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथेच राहिले. त्यांनी इंग्रजी आत्मसात केली, अर्ज छापले, कंपनीच्या भागधारकांच्या सभा गाठल्या. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉमसन यांच्यासारखे इंग्रज, एवढेच नव्हे तर साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्जही त्यांच्या बाजूने उभे राहिले. पार्लमेंटात चर्चा झाली. मते मात्र मिळाली नाहीत. १८४७ मध्ये महाराज काशीस निवर्तले. १८४८ मध्ये शहाजी गेले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८४९ मध्ये राज्यच खालसा केले. धनी नाही, राज्य नाही, डोक्यावर कर्ज. तरीही वकील उभाच राहिला.

याच काळात सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांना १८४६ मध्ये कंपनीची मानाची तलवार मिळाली. त्यांच्या आश्रयाखाली १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पाया घातला, हे आम्ही विसरत नाही. कंपनीशी जुळवून घेऊन त्यांनी संस्थान राखले. पण दोन तलवारींची ही कथा एवढे सांगते, की बक्षीस गुणांना नव्हे, अनुकूलतेला मिळत होते.

मायदेशी परतलेल्या रंगो बापूजींचा अर्जांवरील विश्वास उडाला होता. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची सिद्धता झाली, ती फुटली, आणि ते दिसेनासे झाले. सरकारला ते अखेरपर्यंत सापडले नाहीत. गेंडामाळावर मरण पावलेल्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता.

रंगो बापूजी अयशस्वी झाले, असा निकाल देणे सोपे आहे. ते परतले त्याला शंभर वर्षे होत असता, १९५३ मध्ये, इराणच्या मोसाद्देकांचे सरकार परकीयांच्या कारस्थानाने कोसळले. दुबळ्या सरकारांची दुःखे शतकाने बदलत नाहीत. परंतु ज्या आरोपांवर राज्य बुडाले, त्यांचा पोकळपणा आज आपणांस कागदोपत्री दिसतो, तो या माणसाने चौदा वर्षे प्रत्येक गोष्ट लेखी नोंदवून घेतली म्हणून. न्याय मिळवून देणे वकिलाच्या हाती नसते. अन्याय बिनबोभाट होऊ न देणे असते. साताऱ्याच्या चार भिंतींपाशी त्यांचे स्मारक आहे. तेथे संध्याकाळची हवा खावयास जाणाऱ्यांनी क्षणभर थांबून हे आठवावे, एवढीच आमची विनंती.