वाया न गेलेली कामे

एनडीएत निवड झाली नाही तर पुढे काय, ही धास्ती आम्हा कॅडेटना असते. अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवतात. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग छापखाना चालवला. भागीदारांशी पटेना, म्हणून तोही सोडला. चाळिशी उलटल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकून ते चित्रपटतंत्र शिकायला लंडनला गेले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. कॅमेरा, रसायने, चित्रकला, आधीचे सगळे शिक्षण तिथे कामी आले. पत्नी सरस्वतीबाई घरही सांभाळत आणि फिल्मही धूत. वाट बदलली तरी शिकलेले हात आपलेच राहतात, एवढे मी त्यांच्याकडून घेतले आहे.