आतड्यातील जंतूंचा समतोल शोधणारे एली मेचनिकॉफ

मानवी आतड्यात अगणित सूक्ष्मजीव नांदतात आणि त्यांचा समतोल ढळला की प्रकृतीही ढासळते, हे आज सर्वपरिचित आहे. हा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आग्रहाने मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे एली मेचनिकॉफ.

आजच्या युक्रेनमधील खार्किव्हजवळ १८४५ मध्ये त्यांचा जन्म झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला व पुढे ओडेसा येथे प्राणिशास्त्राचे अध्यापन केले. प्रथम पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने निवर्तल्या. त्या शोकावेगात त्यांनी जीवन संपविण्याचाही प्रयत्न केला; सुदैवाने ते वाचले.

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. जंतूंना गिळंकृत करणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्यासह विभागून मिळाले. १८८८ पासून पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट हीच त्यांची कर्मभूमी होती. मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकिन हे त्यांचे ओडेसातील विद्यार्थी.

उत्तरायुष्यात वार्धक्याच्या कोड्याने त्यांना झपाटले. मोठ्या आतड्यातील कुजविणारे जंतू विषे निर्माण करतात आणि त्यातून अकाली वार्धक्य येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दह्यावर वाढलेले बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी असतात, असे त्यांच्या कानी आले होते. विरजणातील जंतू कुजविणाऱ्या जंतूंना आवर घालतील, या विश्वासाने ते स्वतः विरजलेले दूध नेमाने घेत. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या दह्याची युरोपात लाटच उसळली.

या विचाराला काळी बाजूही होती. मोठे आतडे निरुपयोगी ठरवले गेले आणि लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची ती आतडी काढून टाकली.

१५ जुलै १९१६ रोजी, ७१ व्या वर्षी, मेचनिकॉफ निवर्तले. बल्गेरियन जंतू मानवी आतड्यात मुक्काम करीत नाहीत, हे पुढे सिद्ध झाले. तथापि प्रतिजैविकांच्या माऱ्याने उपकारक जंतू नष्ट होऊन चिवट अतिसार जडतो आणि निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जंतूंचे रोपण करून तो बरा करता येतो, हे आता वैद्यकाने स्वीकारले आहे. मेचनिकॉफ यांचे उत्तर अपुरे निघाले. त्यांनी दाखविलेल्या दिशेने संशोधन आजही चालूच आहे.